'काम चालू'च्या रस्त्यावरची शाळा

कोकणातल्या महामार्गावर पावसाळ्यात रात्री गाडी चालवणाऱ्यांना हे दृश्य पाठ आहे. सरळ चाललेला रस्ता एकाएकी डावीकडे वळतो. वळणावर मातीने भरलेली दोन पोती, एक चेपलेलं पिंप आणि त्यावर चिखलाने माखलेली रेडियमची पट्टी. ती चमकायला हवी, पण चमकत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगात धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते. त्याच कडेने कुणी चालत असेल, तर त्याला बाजूला व्हायला साइडपट्टीही उरलेली नसते.

याला तात्पुरती सोय म्हणतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११मध्ये सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत गेलेली मुलं २०२३मध्ये बारावीला बसली, तरी काम संपलेलं नव्हतं.

नियम मात्र आहेत. काम चालू असताना वाहतूक कशी हाताळायची, यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी-५५ ही मार्गदर्शिका आहे. आधी पूर्वसूचनेचा पट्टा, मग वाहनं हळूहळू वळवण्याचा, मग प्रत्यक्ष कामाचा आणि शेवटी मूळ रस्त्याला आणून सोडण्याचा, असे चार भाग तिने आखून दिले आहेत. पायी चालणाऱ्यांचाही विचार त्यात आहे. पोती आणि पिंप यांतल्या कशातच बसत नाहीत.

धोका महामार्गापुरताही नसतो. क्रशरवरून खडी आणि खाणीतून मुरूम येतो तो गावातल्या अरुंद रस्त्यांनी. डंपरचा चालक उंचावर, उजव्या बाजूला बसतो. डाव्या चाकाजवळ उभं असलेलं मूल त्याला दिसतच नाही. काम करणारेही सुरक्षित नसतात. २० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामाच्या सळया नेणारा टिपर उलटला आणि त्यावर बसलेले १३ मजूर गेले.

मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. रस्त्याच्या बांधणीत सुरक्षेचे निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला, तर कंत्राटदार, सल्लागार किंवा यंत्रणेला दंड होऊ शकतो. कमाल मर्यादा एक लाख रुपये. शेकडो कोटींच्या कंत्राटापुढे ही रक्कम फारच तोकडी आहे.

गणपतीत चाकरमान्यांसाठी मुंबई-गोवा महामार्गावर १६ टन आणि त्याहून जड वाहनांना बंदी घालतात. म्हणजे अवजड वाहतूक वेळ ठरवून थांबवता येते. या बंदीतून महामार्गाच्या कामाचं साहित्य नेणाऱ्या वाहनांना सूट मिळते, तीही लेखी आदेशाने. मग शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास गावातून डंपर सोडायचे नाहीत, असा आदेशही निघू शकतो. सोबत शाळेच्या फाट्यावर चमकणारं जाकीट घातलेला, लाल-हिरवे झेंडे घेतलेला एक माणूस हवा. आणि पाऊस आला तर त्याला जागा सोडावी लागू नये, म्हणून डोक्यावर एक पत्र्याची शेड.