हिंगोलीतली गाठ कोण तपासणार?

लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींमधल्या पेशींचा कर्करोग. त्याचे अनेक प्रकार आहेत आणि ते जगभर सारखे पसरलेले नाहीत. डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये युगांडातल्या मुलांच्या जबड्यातल्या ज्या गाठींचं वर्णन केलं, त्या मलेरियाच्या पट्ट्यात जास्त सापडतात. जपानच्या क्युशू बेटावरच्या एका लिम्फोमामागे एचटीएलव्ही-१ हा विषाणू आहे. भारतात फॉलिक्युलर लिम्फोमाचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी दिसतं, असं मुंबईत परळला असलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या नोंदी सांगतात. पण या नोंदी परळपर्यंत पोहोचलेल्यांच्या. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव-कळमनुरीकडचा जो रुग्ण तपासणीआधीच वाटेत गळाला, तो कुठल्याच तक्त्यात नाही. म्हणून आपल्याकडे एखादा प्रकार 'दुर्मीळ' आहे असं म्हणताना तो खरंच कमी होतो की कमी ओळखला जातो, हे आधी विचारायला हवं.

मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन: आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, जुन्या भाषेत गंडमाळेचा. यात डॉक्टरांचं चुकतं असं नाही, टीबी खरोखरच कितीतरी जास्त आढळतो. शिवाय योग्य औषधं चालू असतानाही टीबीची गाठ कधी कधी वाढते, त्यामुळे गाठ वाढली म्हणजे लिम्फोमाच, असंही नाही. हे सगळं रास्त आहे, पण त्यातून निघतं ते इतकंच की अंदाजावर सहा महिने काढू नयेत. सुईने काढलेल्या चार थेंबांवर लिम्फोमाचा प्रकार बहुधा ठरत नाही. शक्य तिथे अख्खी ग्रंथी काढून लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाकावी लागते. त्याआधी स्टेरॉइड दिलं तर गाठ तात्पुरती विरघळते आणि निदानही हुकतं. प्रकाराचा हट्ट एवढ्यासाठी, की रिटुक्सिमॅब हे औषध बी-पेशींवरच्या सीडी-२० प्रथिनाला पकडतं. टी-पेशींच्या लिम्फोमात ते दिलं तर पैसे फुकट.

जिल्ह्याच्या ठिकाणी प्रकार ठरवणारी इतकी महागडी तपासणी कशी परवडणार, असं कोणी विचारेल. ती तिथे करायची गरजच नाही. मेणात बसवलेला पेशींचा ठोकळा, ज्याला लॅबवाले 'ब्लॉक' म्हणतात, नांदेड, संभाजीनगर किंवा मुंबईला पाठवता येतो. निदान होईपर्यंत रुग्णाने मजुरी बुडवून जायला नको. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. महाविद्यालय म्हटलं की विकृतिशास्त्र विभाग आलाच, म्हणजे ब्लॉक तिथेच बनवता यायला हवा. आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या सहकार्यातून आलेल्या कार-टी या पेशी-उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, त्याचं कौतुक जरूर करावं, पण तो उपचारही बी-पेशींच्याच कर्करोगांवर आहे. पेशी कुठली, हे आधी कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं.