हंगामानुसार आरोग्याचा तोल

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेत आरोग्याची व्याख्या दिलेली आहे. तिच्यानुसार केवळ रोग नसणे म्हणजे आरोग्य नव्हे. शरीर, मन आणि सामाजिक जीवन या तिन्हींची सुस्थिती म्हणजे आरोग्य. ही सुस्थिती बहुधा दिवसाच्या वेळापत्रकात शोधली जाते: सकाळी व्यायाम, वेळेवर जेवण, रात्री पुरेशी झोप. हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात मात्र हे गणित दिवसावर बसत नाही. इथला तोल वर्षभराच्या हंगामांवर मोजावा लागतो.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांचा आहे. सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद ही इथली प्रमुख पिके. जूनमध्ये पेरणी, पावसाळ्यात खुरपणी आणि फवारणी, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची काढणी, पुढे कापसाची वेचणी. आठ-नऊ महिन्यांची हळद फेब्रुवारीपासून खणली जाते. मग ती शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे ही कामे उन्हाळ्यापर्यंत चालतात. काही आठवडे अंग मोडेपर्यंत काम आणि काही आठवडे हाताला कामच नाही, असे हे वर्ष असते.

शरीराची गरजही त्यामुळे सर्वांची एक नसते. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. दुकानदार, शिक्षक किंवा कार्यालयात बसून काम करणाऱ्याने ती मुद्दाम पाळायला हवी. दिवसभर वाकून खुरपणी करणाऱ्या बाईला वेगळ्या व्यायामाची गरज नसते. तिला मधूनमधून कंबर सरळ करण्याची, पाण्याची आणि रात्रीच्या सलग झोपेची गरज असते. शेतातून आल्यावर चूल, पाणी आणि मुले तिच्याच वाट्याला असतील, तर विश्रांती मिळणे हा घरातल्या कामवाटणीचा प्रश्न होतो. फवारणी करणाऱ्याने नाक-तोंड झाकणे, हातमोजे वापरणे, वाऱ्याच्या उलट दिशेने न फवारणे आणि घरी येताच अंघोळ करून कपडे वेगळे धुणे, हीदेखील शरीराची निगाच. उन्हाळ्यात हळदीच्या कढईजवळचे काम पहाटे उरकून भर दुपार टाळल्यास उष्माघाताचा धोका कमी होतो.

आहारात हिंगोलीकडे जुनी शिदोरी आहे. ज्वारीच्या १०० ग्रॅम दाण्यात सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तेवढाच तंतू असतो. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि तुरीच्या डाळीत ते भरपूर असते. म्हणून भाकरी आणि वरण एकमेकांची उणीव भरून काढतात. सोबत अंबाडीची किंवा दुसरी पालेभाजी आणि जवसाची चटणी असली की ताट बरेचसे पुरे होते. सोयाबीनमध्ये जवळपास ४० टक्के प्रथिने असतात, पण शेतातले बहुतेक सोयाबीन थेट बाजारात जाते. नीट शिजवून किंवा भाजून, गव्हाच्या पिठात थोडे दळून ते घरात वापरता येते. कच्चे मात्र पचनाला अडथळा आणते. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे. लोणचे, पापड आणि चटणी यांतले मीठही तिच्यातच धरायचे असते.

आयुर्वेदाने दिनचर्येच्या जोडीला ऋतुचर्या सांगितली, ती अशा जीवनाला जवळची आहे. थंडीत पचनशक्ती चांगली असल्याने पौष्टिक खावे, व्यायामही करावा. उन्हाळ्यात हलके, पातळ अन्न घ्यावे आणि श्रम कमी करावेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दोन ऋतूंच्या सांध्यावरचे दिवस वेगळे काढले आहेत: सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येत्या ऋतूचे पहिले सात. या काळात जुनी सवय हळूहळू सोडावी आणि नवी हळूहळू धरावी, असा तो विचार आहे.

मनावरचा ताणही हंगामाने येतो. पाऊस लांबला, भाव पडला किंवा कर्जाची मुदत जवळ आली, की झोप उडते, चिडचिड वाढते, माणूस कुणाशी बोलेनासा होतो. काहींची तंबाखू-दारू अशा वेळी वाढते. ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर उपचार घ्यावेत. मराठवाड्यात २०१५ पासून ‘प्रेरणा’ प्रकल्पाद्वारे शेतकऱ्यांसाठी समुपदेशन सुरू झाले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते.

चिंतेचे मूळ अनेकदा पैशात असते. हळदीची रक्कम हातात एकदाच येते आणि खर्च बारा महिने चालतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाजारातला चढउतार टळत नाही. विक्रीच्या दिवशीच बियाणे, शाळा आणि दवाखाना यांचे पैसे बाजूला काढणे, पीकविमा वेळेत भरणे आणि बचत गटात नियमित रक्कम टाकणे, यांनी सावकाराची पायरी चढण्याची वेळ कमी येते.

उरतो तो माणसांचा आणि श्रद्धेचा आधार. संत नामदेवांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या नर्सी नामदेवहून आषाढीला पालखी पंढरपूरला जाते, ज्योतिर्लिंग असलेल्या औंढा नागनाथला महाशिवरात्रीची यात्रा भरते, हिंगोलीत दसऱ्याचा महोत्सव होतो. गावोगावचे सप्ताह आणि भजन लोकांना नियमाने एकत्र आणतात. त्यातून एकटेपणा कमी होतो आणि अडचणीत असलेला शेजारी लवकर लक्षात येतो. मात्र भजन औषधाची जागा घेत नाही. रक्तदाब, मधुमेह किंवा नैराश्य यांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातच करून घ्यावी लागते. पेरणीपूर्वी एकदा आणि काढणीनंतर एकदा अशी ती ठरवून घेतली, तर कामाच्या धांदलीत राहून जात नाही.