थ्री नॉट थ्रीचा दुसरा जन्म

थ्री नॉट थ्री रायफलच्या दस्त्याला मागच्या टोकाला पितळेची जाड पट्टी असते. त्या पट्टीत एक बारकी झडप असते. झडप नखाने उचलली की आतल्या पोकळीत तेलाची कुपी आणि गुंडाळून ठेवलेली दोरी सापडते. दोरीच्या टोकाला चिंधी अडकवायची, दुसऱ्या टोकाचे वजन नळीत सोडायचे आणि ओढून घ्यायचे, की नळी आतून लख्ख होते. फौजेत आणि पोलिसांत हिला ‘फुलथ्रू’ म्हणतात. उजव्या बाजूचा बोल्ट उचलून मागे खेचला की रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि पुढे रेटला की मॅगझीनमधले नवे काडतूस नळीत बसते. दहा काडतुसे, दहा वेळा तीच हालचाल. महाराष्ट्रात पोलीस दलातून, गृहरक्षक दलातून किंवा एनसीसीतून गेलेल्या कितीतरी माणसांच्या खांद्याला या रायफलीचा धक्का ठाऊक आहे. जालना तर राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक ३ चे गाव. पोलीस प्रशिक्षण केंद्रही याच शहरात आहे.

हिचे खरे नाव ली-एनफिल्ड. बोल्टची रचना जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या कारागिराची. नळीतल्या पिळदार खाचा इंग्लंडमधल्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्याच्या. १८९५ मध्ये ब्रिटिश फौजेने ती स्वीकारली आणि १९०७ मध्ये तिची ‘मार्क थ्री’ ही सर्वाधिक गाजलेली आवृत्ती आली. कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी असलेल्या ईशापूर रायफल फॅक्टरीने पुढे हीच रायफल लाखोंच्या संख्येने घडवली. .३०३ म्हणजे नळीचा इंचातला व्यास, साधारण ७.७ मिलिमीटर. या आकड्याकडे नीट लक्ष द्यावे, कारण पुढची सगळी गोष्ट या आकड्याभोवती फिरते. आपल्याकडे जुन्या लष्करी बंदुका पुन्हा पुन्हा जिवंत झाल्या, त्यामागे हौसेपेक्षा कायद्याचा हात मोठा आहे.

जालना जिल्ह्याला बंदुकांचा इतिहास नवा नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुबेळक्यात, असईला, दौलतराव शिंद्यांची कवायती फौज इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीसमोर उभी ठाकली. शिंद्यांच्या पलटणींच्या हातात युरोपीय धर्तीच्या बंदुका होत्या आणि त्या परदेशातूनच आणाव्या लागत होत्या असे नाही. महादजींच्या काळापासून आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात आणि बंदुका घडवल्या जात. असईला इंग्रजांच्या हाती शिंद्यांच्या सुमारे शंभर तोफा लागल्या. परक्या शस्त्राचा नमुना समोर ठेवून आपल्या भट्टीत तसेच शस्त्र घडवण्याचे कसब या देशात दोनशे वर्षांपूर्वी होते, हे मला फार मोलाचे वाटते. पराभवाच्या गोष्टी सांगताना आपण ते विसरतो.

त्यानंतर ते कसब हातातून काढून घेण्याचे पद्धतशीर प्रयत्न झाले. १८५७ नंतर हिंदी शिपायांना गोऱ्या सैनिकांपेक्षा एक पिढी मागची बंदूक द्यायची, हे धोरण ठरले. गोऱ्यांना पिळदार नळीची एनफिल्ड आणि हिंदी पलटणींना तशीच दिसणारी, पण आतून गुळगुळीत नळीची. पिळदार खाचा नसल्या की गोळी फिरत जात नाही आणि लांबवर नेमका वेध लागत नाही. पुढे पोलिसांसाठी आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी ईशापूरने .४१० बोअरचे मस्केट काढले. अंगाखांद्याने ते थेट थ्री नॉट थ्री होते, पण नळीत खाचा नाहीत, मॅगझीनच्या जागी लाकडाचा ठोकळा आणि एका वेळी एकच काडतूस. ते काडतूसही .३०३ च्याच पुंगळीचे, फक्त तोंडाशी न आवळलेले. चांगल्या यंत्राला मुद्दाम लंगडे करून हाती देण्याची ही कारागिरी पाहिली की राज्यकर्त्यांची भीती किती खोल होती ते कळते.

कायदा त्याच भीतीतून आला. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये शस्त्र कायदा झाला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपीय माणसाला सूट. १९३१ च्या कराची अधिवेशनात, सरदार पटेल अध्यक्ष असताना, काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. जालना मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होते. इंग्रजांचा कायदा इथे थेट चालत नव्हता, पण इंग्रजांच्या शिस्तीतली हैदराबाद कंटिंजंट फौज जालन्याच्या छावणीत त्याआधी अनेक दशके तळ ठोकून होती.

१९४८ मध्ये ही सगळी शस्त्रे एकमेकांसमोर आली. हैदराबादची भारत सरकारने नाकेबंदी केली, तेव्हा सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानांनी शस्त्रे आणून उतरवत होता. रझाकारांच्या हाती तलवारी, भाले, ठासणीच्या बंदुका आणि मिळतील त्या रायफली होत्या. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली, १५ तारखेला जालना ताब्यात ठेवायला गोरखा पलटणीची एक तुकडी थांबली आणि बाकीची फौज लातूरकडे गेली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्या वेळी भारतीय जवानाच्या खांद्यावर ली-एनफिल्डच होती. मराठवाड्याच्या मुक्तीत या रायफलीचा वाटा आहे, हे मुक्तिदिनाच्या भाषणांत क्वचितच येते.

खरा पेच पुढे आला. स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ मध्ये संमत झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यानंतर वीसच दिवसांत चीनने आक्रमण केले. हिमालयात आपल्या जवानांच्या हाती बोल्ट ओढून चालवायची थ्री नॉट थ्री होती. तिकडे जग स्वयंचलित भरणाऱ्या रायफलींकडे वळले होते. आपणही ७.६२ मिलिमीटरच्या एसएलआरकडे निघालो होतो, पण ती पुरेशी तयार व्हायला वेळ लागणार होता. तेव्हा ईशापूरने एक शहाणपणाचे काम केले. जुनी ली-एनफिल्डच घ्यायची, पण नव्या ७.६२ च्या काडतुसासाठी नव्याने घडवायची.

वाटते तितके हे सोपे नव्हते. नव्या काडतुसाचा दाब जुन्यापेक्षा जास्त होता. ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे स्फोटाचा सगळा ताण सांगाड्यावर येतो. म्हणून सांगाड्याचे आणि बोल्टचे पोलाद बदलले, अधिक ताकदीचे घेतले. जालन्याच्या माणसाला यातली मेख लगेच कळेल. इथल्या औद्योगिक वसाहतीत भट्ट्यांमधून दिवसरात्र लोखंड वितळते आणि मालाची प्रत रासायनिक मिश्रणावर कशी ठरते, हे इथे चहाच्या टपरीवरही बोलले जाते. मॅगझीन दहाऐवजी बारा काडतुसांचे झाले. या रायफलीचे नाव २ए. पुढे २ए१ आली, तेव्हा नेमपट्टीवरचे २,००० यार्डांचे आकडे जाऊन ८०० मीटर आले. दोन हजार यार्डांवर, म्हणजे पावणेदोन किलोमीटरहून जास्त अंतरावर, नुसत्या डोळ्यांनी माशी जुळवून कोण काय टिपणार होते! तो आकडा जुन्या काळच्या सामुदायिक गोळीबाराचा होता. तो काढून टाकण्यात अनुभव बोलतो. ही जगातल्या शेवटच्या बोल्ट-चालित लष्करी पायदळी रायफलींपैकी एक. तिची मागची उभारणी इंग्रजांची, पोलाद आणि निर्णय आपले.

दुसरा पुनर्जन्म नागरी बाजारातला, आणि तो निव्वळ कायद्याने घडवलेला आहे. शस्त्र नियमांच्या परिशिष्टात निषिद्ध शस्त्रांची यादी आहे. तिच्यात .३०३ किंवा ७.६२ चे लष्करी काडतूस ज्यात बसून उडू शकते, अशी प्रत्येक रायफल येते. .४१० मस्केट आणि लष्करी ९ मिलिमीटरचे पिस्तूलही येते. अशा शस्त्राला जिल्हाधिकारी परवाना देऊ शकत नाहीत, ते केंद्राच्या हातात. कारण सरळ आहे. फौजेचे काडतूस चोरीला गेले, तर ते बाहेरच्या कुठल्याही बंदुकीत चालता कामा नये. हा विचारही इंग्रजांचाच. १९०७ मध्ये त्यांनी .४५० बोअर हिंदुस्थानात बंद केला. लगेच विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७० आणि .४७५ अशी नवी काडतुसे पुढे केली. वाघ-हत्तींच्या शिकारीत गाजलेले हे बोअर एका सरकारी हुकुमाला बगल देण्यासाठी पुढे आले होते.

त्याच युक्तीतून .३१५ आले. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ऑस्ट्रियाच्या जुन्या लष्करी काडतुसाच्या मापाचे काडतूस घेतले, जे ब्रिटिश फौज वापरत नव्हती, आणि त्यासाठी ली-एनफिल्डच्याच धर्तीची शिकारी रायफल काढली. स्वातंत्र्यानंतर ईशापूरने ती चालू ठेवली. आजही ‘.३१५ स्पोर्टिंग रायफल’ या नावाने मिळते, ती हीच. बोल्ट तोच, चाप तोच, लाकूड तेच, मॅगझीन पाच काडतुसांचे. .३०३ आणि .३१५ यांच्यात इंचाच्या बारा हजारांशांचा फरक. एका बाजूला निषिद्ध शस्त्र, दुसऱ्या बाजूला जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने मिळणारा परवाना. १९८० च्या दशकात परदेशी शस्त्रांची आयात सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि सरकारी कारखान्याच्या या जुन्या रायफलीला बाजारात जवळपास प्रतिस्पर्धीच उरला नाही. म्हणून शंभर वर्षांपूर्वीची रचना टिकली. त्याची काळी बाजूही सांगायला हवी. उत्तर भारतातल्या गुन्ह्यांच्या बातम्यांत ‘३१५ बोअरचा कट्टा’ सारखा येतो. कायदेशीर काडतूस बेकायदा नळीला जाऊन मिळते आणि आकड्यांची भिंत तिथे कोसळते.

जालन्याच्या शेतकऱ्याचा संबंध याहून जुन्या बंदुकीशी आहे. कायद्याच्या तेराव्या कलमात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची खास तरतूद आहे. नळीच्या तोंडातून दारू भरायची, गजाने ठासायची, असईच्या रणांगणावर चालली त्याच पद्धतीची ही बंदूक. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत सोयाबीन, मका, हरभरा उद्ध्वस्त करतात, हे भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत कुणालाही विचारावे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवान्याची बंदूक असली तरी वन खात्याच्या परवानगीशिवाय जनावरावर गोळी झाडता येत नाही. व्यवहारात ती बंदूक आवाजापुरती उरते. माझ्या मते हे योग्यच आहे. पिकाच्या नुकसानीचे उत्तर वेळेवर मिळणाऱ्या भरपाईत आणि कुंपणात शोधायला हवे.

नियमांचा अलीकडचा ओघही आवळण्याकडे आहे. २०१६ च्या नियमांनी परवानाधारकाला शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाची अट घातली आणि खासगी कारखान्यांना शस्त्रनिर्मितीचे दार उघडले. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतील असे ठरवले. सुरुवातीचा प्रस्ताव तर एकाच शस्त्राचा होता. निषिद्ध शस्त्र विनापरवाना बाळगल्यास सात ते चौदा वर्षांची कैद झाली. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षे केली. ज्या घरांत आजोबांची एक, वडिलांची एक आणि स्वतःची एक अशा तीन बंदुका होत्या, त्यांना एक पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावी लागली. बहुतेक घरांतून आधी गेली असेल ती सर्वांत जुनी. त्या घरांचे दुःख मी हलके मानत नाही, पण हवेत झाडलेल्या गोळीने मेलेल्या वऱ्हाड्याच्या घरचे दुःख त्याहून मोठे आहे.

जगातही कायद्याने जुन्या रायफलीला असाच हात दिला. ब्रिटनमध्ये १९८७ च्या हंगरफर्ड हत्याकांडानंतर मोठ्या काडतुसाच्या, आपोआप भरणाऱ्या रायफलींवर बंदी आली. ऑस्ट्रेलियात १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर तसेच घडले. दोन्हीकडे हौशी नेमबाज पुन्हा बोल्टच्या रायफलींकडे वळले. कॅनडाच्या उत्तर ध्रुवाकडल्या रेंजर्सनी तर ली-एनफिल्ड २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत वापरली. हाडे गोठवणाऱ्या थंडीत तिचा ढिलसर बसणारा बोल्ट अडकत नाही, हे त्यांचे सोपे कारण. आणि आपली २ए१ अमेरिकेत जुन्या लष्करी मालातून जाऊन पोहोचली. तिथले शौकीन ईशापूरचे नाव आदराने घेतात.

आपल्याकडे मात्र थ्री नॉट थ्री लाजिरवाणी होऊन निघाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ समोर काही पोलिसांच्या हाती तीच होती. त्यात रायफलीचा दोष नव्हता. पोलिसाला एक पिढी मागचे शस्त्र देण्याची १८५७ नंतरची सवय आपण स्वातंत्र्यानंतरही मोडली नाही, दोष तिथे आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी संचलनात तिला निरोप दिला.

निवृत्त झालेल्या या रायफलींचे करायचे काय? सगळ्या भट्टीत घालू नयेत, एवढे मला आग्रहाने म्हणायचे आहे. शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात कालबाह्य किंवा पुराणवस्तूच्या मोलाच्या आणि पुन्हा बंदूक म्हणून वापरता न येणाऱ्या शस्त्रांना सूट आहे. नळी कायमची बंद केलेल्या चार-दोन रायफली जालन्याच्या प्रशिक्षण केंद्रात काचेआड ठेवायला हरकत नसावी. एक असावी स्वातंत्र्यापूर्वीची, जिच्या बोल्टखालच्या पट्टीवर मुकुट आणि ‘जीआरआय’ ही इंग्लंडच्या राजाची अक्षरे कोरलेली आहेत. दुसरी स्वातंत्र्यानंतरची, त्याच जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि ‘आरएफआय’ असलेली. तिसरे ते .४१० चे मस्केट, लाकडी ठोकळ्यासकट. नव्या भरतीच्या पोरापोरींनी हातातली नवी रायफल साफ करायला बसण्याआधी ही तिन्ही पाहावीत, आणि हे मस्केट कोणी, कोणासाठी आणि का बनवले, हे त्यांच्या उस्तादांनी त्यांना तिथेच उभे राहून सांगावे.