राणीखेतची लस टोचा, म्हणजे बर्ड फ्लू वेळीच लक्षात येईल



खानदेशात कापूस आणि केळी ही पैशाची पिके. पण घरातील रोजचा किरकोळ खर्च पुष्कळ ठिकाणी परसातील दहा-वीस कोंबड्यांवर भागतो. सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर, चोपडा, यावल, रावेर भागातील आदिवासी कुटुंबांची आठवडे बाजारातील मीठ-मिरची कोंबडी आणि अंडी विकूनच येते. या कोंबड्यांना दर वर्षी, बहुधा उन्हाळ्यात किंवा ऋतू बदलताना, मर लागते. दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. "मर आली आणि गेली" असे म्हणून आपण गप्प बसतो. हे गप्प बसणेच किती महाग पडू शकते आणि त्यावर उपाय काय, हे या लेखात पाहू.

नवापूरचा अनुभव

१८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतात प्रथमच कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळल्याचे जाहीर झाले. ते ठिकाण होते नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर. १ जुलै १९९८ पूर्वी हा तालुका धुळे जिल्ह्यातच होता. नवापुरातील अंड्यांच्या कोंबड्यांच्या मोठ्या फार्मवर त्याआधीपासून पक्षी मरत होते. पण ती मर राणीखेतची असावी असाच सुरुवातीला समज होता. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने एच-५ एन-१ हा विषाणू असल्याचे निदान केले, तेव्हा रोग पसरलेला होता. बाधित ठिकाणाभोवतीचे लाखो पक्षी नष्ट करावे लागले.

पुढच्याच महिन्यात, मार्च २००६ मध्ये, जळगाव जिल्ह्यात मारूळ, हातेड, साळवा आणि सावदा येथे तोच रोग निघाला. येथे मोठे फार्म नव्हते, घरोघरच्या परसातील कोंबड्या होत्या. म्हणजे "हा मोठ्या पोल्ट्रीवाल्यांचा रोग, आपल्याला काय त्याचे" असे म्हणण्यास जागा राहिली नाही. त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा नवापुरात बर्ड फ्लू आला.

दोन्ही रोग सारखे का दिसतात?

राणीखेत, म्हणजेच मानमोडी, आणि बर्ड फ्लू हे दोन्ही विषाणूंमुळे होणारे, पण वेगवेगळे रोग आहेत. राणीखेतमध्ये पक्षी सुस्त होतो, तोंड उघडून श्वास घेतो, हिरवट-पांढरी पातळ विष्ठा टाकतो. काही पक्ष्यांची मान पिळवटते, पाय व पंख लुळे पडतात. अंडी एकदम कमी होतात. तीव्र बर्ड फ्लूमध्ये पक्षी लक्षणे न दाखवताही पटापट मरतात. डोके सुजते, तुरा व गळ्याखालची लोंबती कातडी निळसर-काळी पडते, पायांवर रक्ताळलेले डाग दिसतात.

कागदावर हा फरक स्पष्ट वाटतो, खुराड्यात तो तसा दिसत नाही. तीव्र राणीखेतमध्येही पक्षी एका रात्रीत मरतात आणि बर्ड फ्लूमध्येही मान वाकडी होते, हगवण लागते. नुसत्या डोळ्यांनी निदान करणे पशुवैद्यकालाही शक्य नसते. त्यासाठी नमुने प्रयोगशाळेतच तपासावे लागतात.

लसीकरणाचा दुहेरी फायदा

बर्ड फ्लू आढळला की बाधित क्षेत्रातील पक्षी नष्ट करणे हाच आपल्याकडील मार्ग आहे. राणीखेतवर मात्र स्वस्त आणि खात्रीची लस आहे. तिचा पहिला फायदा म्हणजे कोंबड्या वाचतात. दुसरा फायदा फारसा कोणी लक्षात घेत नाही. ज्या गावात लस दिलेली नाही, तेथे दर वर्षी मर येते, म्हणून खरा बर्ड फ्लू आला तरी कोणाला शंका येत नाही. याउलट जेथे सर्व कोंबड्यांना वेळेवर लस दिली आहे, तेथे अचानक मर लागली तर ती लगेच नजरेत भरते. लस दिली म्हणजे राणीखेत कधीच होणार नाही असे नाही. परंतु लस दिलेल्या गावातील मोठी मर ही धोक्याची सूचना समजावी.

लस केव्हा व कशी द्यावी?

१) पिल्ले ५ ते ७ दिवसांची असताना लासोटा किंवा एफ-१ लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकावा.

२) चौथ्या आठवड्याच्या शेवटी लासोटा लस पिण्याच्या पाण्यातून पुन्हा द्यावी. पाण्यात क्लोरीन अथवा ब्लीचिंग पावडर नसावी. दर लिटर पाण्यास ५ ग्रॅम सायीविरहित दुधाची पावडर मिसळावी. पक्षी तहानलेले असावेत, म्हणजे सर्व पाणी लवकर पितात.

३) आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस अर्धा मिलिलिटर पंखाखाली कातडीत टोचून घ्यावी. त्याआधी आठवडाभर जंताचे औषध द्यावे. ही लस लहान पिल्लांना देऊ नये. अंड्यावरील कोंबड्यांना कोणती लस द्यावी हे डॉक्टरांना विचारावे, कारण टोचल्यानंतर काही दिवस अंडी कमी होऊ शकतात.

४) पुढील लसीकरण पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, शक्यतो उन्हाळा लागण्यापूर्वी करावे.

लस फक्त निरोगी पक्ष्यांना द्यावी. ती दवाखान्यापासून गावापर्यंत बर्फात, थर्मासमध्ये आणावी. उन्हात किंवा खिशात ठेवलेली लस निरुपयोगी होते. कालवल्यानंतर दोन तासांत संपवावी. टोचणाऱ्याने डोळ्यांना हात लावू नये, कारण या लसीतील जिवंत विषाणूमुळे माणसाचे डोळे येऊ शकतात. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि रिकाम्या बाटल्या उकळून टाकाव्यात.

येथे एक अडचण येते. लसीची एक बाटली शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांना पुरते आणि आपल्याकडे असतात दहा. म्हणून एकट्याने लस आणणे परवडत नाही. उपाय सोपा आहे. गल्लीतील किंवा पाड्यावरील आठ-दहा घरांनी मिळून बाटली आणावी. दिवस ठरवून पहाटे, कोंबड्या खुराड्यातून किंवा डालग्याखालून सोडण्यापूर्वी, सर्वांच्या पक्ष्यांना एकाच वेळी लस द्यावी. बचत गटाने हे काम अंगावर घेतल्यास फारच चांगले.

रानपक्षी आणि पाळीव पाखरे

हिवाळ्यात तापीवरील हतनूर धरणाच्या पाणलोटात आणि इतर तलावांवर परदेशी बदके व पाणपक्षी उतरतात. रानबदकांच्या अंगात बर्ड फ्लूचा विषाणू कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतो आणि विष्ठेतून पाण्यात उतरतो. थंड पाण्यात तो जास्त दिवस टिकतो. म्हणून अशा पाण्यावर आपल्या कोंबड्या व बदके सोडू नयेत, तेथील पाणी त्यांना पाजू नये. कोंबड्या आणि बदके एकत्र ठेवू नयेत.

मात्र सारा दोष रानपक्ष्यांवर ढकलणेही बरोबर नाही. रोग गावोगाव नेण्याचे काम पुष्कळदा आपणच करतो. आजारी कोंबड्यांची विक्री, न धुतलेले पिंजरे, अंड्यांचे ट्रे, फार्मवरून फार्मवर जाणाऱ्या गाड्या आणि चपला ही त्याची वाहने आहेत. रानपक्षी मारणे किंवा घरटी पाडणे याने काही साधत नाही, शिवाय तो कायद्याने गुन्हा आहे.

कावळे, बगळे किंवा पारवे एकाच जागी अनेक मेलेले दिसले तर हात न लावता वन किंवा पशुसंवर्धन खात्यास कळवावे. २०२०-२१ च्या हिवाळ्यात राजस्थान आणि मध्य प्रदेशात बर्ड फ्लूची पहिली वर्दी मेलेल्या कावळ्यांनीच दिली होती. रावेर-यावलची शीव मध्य प्रदेशाला लागून आहे, हे विसरू नये.

कबुतरे पाळणाऱ्यांनी मान पिळवटलेले कबुतर दिसताच ते वेगळे करावे. राणीखेतच्याच जातकुळीतील विषाणूने कबुतरांना असा रोग होतो. नवीन आणलेले पाखरू महिनाभर वेगळे ठेवावे. पिंजऱ्यातील सुकलेली विष्ठा झाडताना तोंडाला फडके बांधावे, कारण पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसाला फुप्फुसाचा रोग होऊ शकतो. आपल्याकडील रानपोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुळातच मनाई आहे.

मर लागल्यास काय करावे?

• त्याच दिवशी ग्रामपंचायत अथवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग नियंत्रण कायद्याप्रमाणे हे मालकाचे कर्तव्य आहे. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनीही करता येतो.

• उरलेले पक्षी कोंडून ठेवावेत. बाजारात नेऊ नयेत, पाहुण्यांना देऊ नयेत.

• मेलेला पक्षी कापू नये, सोलू नये, नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. कुत्र्या-मांजरांपासून झाकून ठेवावा. नमुने घेतल्यानंतर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा.

• लहान मुलांना दूर ठेवावे. पक्षी हाताळल्यावर कोणास ताप, खोकला आल्यास दवाखान्यात पक्ष्यांशी संबंध आल्याचे आवर्जून सांगावे. माणसाला हा रोग क्वचित होतो, पण झाल्यास घातक ठरतो. २०२१ मध्ये दिल्लीत एका मुलाचा त्याने मृत्यू झाला.

पुष्कळजण "सरकार सगळ्या कोंबड्या मारून टाकेल" या भीतीने रोग लपवतात. ही भीती समजण्यासारखी आहे, पण हिशेब उलटा आहे. भरपाई मिळते ती पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, अंड्यांची व खाद्याची. रोगाने आधीच मेलेल्या किंवा चोरून विकलेल्या कोंबड्यांची भरपाई मिळत नाही. म्हणजे जितके उशिरा कळवाल तितके नुकसान तुमचेच. विकलेल्या कोंबडीबरोबर रोग शेजारच्या गावी गेला, तर तेथील खुराडीही रिकामी होतात. अंडी-मांस खाण्याचे मात्र भय बाळगू नये. ७० अंश सेल्सिअसपर्यंत सर्व भाग शिजला की विषाणू मरतो आणि आपला रस्सा तर उकळूनच होतो.

तेव्हा येत्या ग्रामसभेत गावातील कोंबड्यांची घरवार यादी करावी, पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीची मागणी नोंदवावी आणि उन्हाळ्यापूर्वी एक दिवस ठरवून सर्व कोंबड्यांना राणीखेतची लस टोचून घ्यावी.