स्क्वीकी क्लीन म्हणजे काय रे भाऊ?

रविवारची सकाळ. आठवडाभराची धूळ, लोकलमधला घाम आणि शनिवारच्या पार्टीचं हेअर जेल असं सगळं डोक्यावर घेऊन तुम्ही बाथरूममध्ये शिरता. एकदा नाही, दोनदा शाम्पू. मग ओल्या केसांची बट दोन बोटांत धरून ओढली की आवाज येतो, कुईं! आपण खूश. स्वच्छतेची पावतीच मिळाली ना! इंग्रजीत या अवस्थेला खास विशेषण आहे, ‘स्क्वीकी क्लीन’. म्हणजे कुईं वाजेल इतकं स्वच्छ.

घासलेल्या काचेच्या ग्लासवरून ओलं बोट फिरवून बघा. तोच आवाज. का येतो? काचेवर तेलकटपणा असतो तेव्हा बोट गुपचूप घसरतं. तो गेला की बोट अडकतं, सुटतं, पुन्हा अडकतं. हे सगळं सेकंदात शेकडो वेळा. त्या थरथरीचा आवाज म्हणजे आपलं कुईं. व्हायोलिनच्या गजाला राळ लावतात तीही याचसाठी, गज तारेवर नीट अडकावा म्हणून.

म्हणजे गंमत लक्षात आली का? हा आवाज स्वच्छतेचा नाहीच. तो वंगण संपल्याचा आवाज आहे. ग्लासचं ठीक आहे, त्याला तेल नकोच असतं. केसांचं तसं नाही. टाळूतून येणारं नैसर्गिक तेल केसांचं रक्षण करतं. कडक शाम्पूने ते पार ओरबाडून काढलं की केस वाजतात खरे, पण कोरडे आणि राठ होतात. अभ्यंगस्नानाला आधी तेल आणि मग शिकेकाई लावणाऱ्या आपल्या आज्यांचे केस बहुधा कधी वाजले नसतील. त्यांचं काही अडलं का?

आता हाच शब्द माणसाला लावा. ‘ही हॅज अ स्क्वीकी क्लीन इमेज!’ म्हणजे ना भानगड, ना डाग, ना कुणाचं बोट दाखवणं. मराठीत आपण म्हणतो, धुतल्या तांदळासारखा. पण आपण हे कधी म्हणतो ते आठवा. ‘तू काय धुतल्या तांदळाचा आहेस?’ किंवा ‘इथे कुणीच धुतल्या तांदळासारखं नाही.’ कौतुकापेक्षा टोमण्यातच जास्त! आपल्या भाषेला या स्वच्छतेचा संशय फार आधीपासून आहे म्हणायचं.

आणि तांदळाचीही तीच कथा. तो फार चोळून धुतला की बी जीवनसत्त्वं पाण्याबरोबर जातात. गिरणीत पॉलिश करून पांढराशुभ्र केला की कोंड्याबरोबर आणखी जातात. १८९० च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरला दिसलं, की नुसत्या पॉलिशच्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. पुढे १९२९ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळालं.

इमेजचंही असंच होतं. हॅन्सी क्रोनिए आठवतोय? दक्षिण आफ्रिकेचा कप्तान, धार्मिक, शिस्तीचा, क्रिकेटमधला अगदी गुड बॉय. एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी मॅच फिक्सिंगचा आरोप केला तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणांना आधी पोलिसच चुकलेत असं वाटलं. त्यानेही आधी नाकारलं, मग काही दिवसांतच पैसे घेतल्याची कबुली दिली. त्याच वर्षी त्याच्यावर आजन्म बंदी आली. टायगर वूड्सचंही तसंच. २००९ च्या अखेरीस त्याच्या विवाहबाह्य संबंधांच्या बातम्या फुटल्या आणि अ‍ॅक्सेंचरने त्याच्याबरोबरचा जाहिरात करार संपवला. पांढऱ्या शर्टावर शाईचा एक थेंबही किती मोठा दिसतो, ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

पण हे झाले मोठे लोक. आपलं काय?

माझी एक मैत्रीण पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहे. तीन वर्षांत एकही चूक नाही. ‘तिचा कागद असेल तर डोळे मिटून सही करा,’ अशी ख्याती. एका मार्च एण्डिंगच्या धावपळीत तिच्याकडून एकच बिल दोनदा पास झालं. दुसऱ्याच दिवशी तिच्या लक्षात आलं. एक मेल टाकला असता तर विषय संपला असता. तिने तो लिहिलाही. पण ‘सेंड’ काही दाबलं नाही. एकवीस दिवस तो ड्राफ्टमध्ये पडून राहिला आणि एकवीस रात्री तिला झोप नाही. शेवटी ऑडिटमध्ये सापडलंच. पैसे परत आले. साहेबांनी फक्त विचारलं, ‘तुला कधी कळलं?’ चूक माफ झाली, ते एकवीस दिवस नाही झाले. त्या वर्षीचं प्रमोशन गेलं.

परवा कॉफी पिताना ती म्हणाली, ‘माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाच्या नावावर आधीच दोन-तीन चुका आहेत. त्याने पाच मिनिटांत सांगून टाकलं असतं. मला मात्र वाटलं, माझ्याकडून? मी सांगू?’

हेच ते कोरडेपण. ‘सॉरी, माझं चुकलं’ हे ऑफिसमधलं वंगण आहे. रेकॉर्ड चकाचक ठेवण्याच्या नादात आपण नेमकं तेच धुऊन टाकतो. मग पहिल्याच घर्षणाला कुईं!

म्हणून बॉस, ग्लास घासा बिनधास्त. केसांना थोडं तेल राहू द्या. आणि तुमच्याही ड्राफ्टमध्ये असा एखादा मेल पडून असेल ना, तर उद्या नको, आजच पाठवून टाका.