संस्कार करतो कोण?

प्रसूतिगृहात अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्मलं आहे. डॉक्टरांनी आशा सोडली आहे. आईवडील कॅथलिक आहेत आणि फादरांना बोलवायला वेळ नाही. अशा वेळी ड्युटीवरची नर्स, मग ती हिंदू असो, मुसलमान असो की कुठलाच धर्म न मानणारी असो, बाळाच्या डोक्यावर पाणी ओतून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं त्याला बाप्तिस्मा देऊ शकते. चर्च बाप्तिस्म्यातून जे करतं तेच आपण करतो आहोत, एवढा हेतू तिच्या मनात असला की पुरे. चर्चच्या कायद्यात, म्हणजे कॅनन लॉमध्ये, ही मुभा स्पष्ट लिहिलेली आहे. बाळ वाचलं तर उरलेले विधी पुढे सवडीनं होतात. बाप्तिस्मा मात्र पुन्हा दिला जात नाही, कारण तो झालेला असतो.

वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला मेणबत्ती घेऊन जाणारे कितीतरी मराठी लोक ख्रिस्ती नसतात. चर्चमध्ये जे काही घडतं ते फादरांच्या अधिकारानं घडतं, अशी त्यांची समजूत असते. मला मात्र कॅथलिक श्रद्धेचा गाभा त्या नर्सच्या हातातल्या पाण्यात जास्त स्पष्ट दिसतो. या श्रद्धेनुसार संस्कार करणारा स्वतः ख्रिस्त असतो, माणूस फक्त त्याला आपला हात देतो. बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह असे सात संस्कार ट्रेंटच्या धर्मसभेनं 1547 साली ठामपणे नोंदवले. पाणी, तेल, भाकर, द्राक्षरस, डोक्यावर ठेवलेला हात या साध्या गोष्टी तिथं नुसतं प्रतीक म्हणून येत नाहीत. खूण जे दाखवते ते ती प्रत्यक्ष घडवतेही, असं चर्च मानतं.

मग हात मळलेला असेल तर? हा प्रश्न चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत पेटला होता. रोमन सम्राट डायोक्लेशियननं 303 साली ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभला आणि जाळून टाकण्यासाठी त्यांचे धर्मग्रंथ मागितले. काही बिशप आणि धर्मगुरूंनी जिवाच्या भीतीनं ते देऊन टाकले. छळ थांबल्यावर डोनाटस नावाच्या बिशपच्या अनुयायांनी पवित्रा घेतला की अशा फितुरांच्या हातून झालेले संस्कार फोल आहेत. दोन चर्च उभी राहिली, एकाच गावात दोन बिशप बसू लागले. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी या मताशी वर्षानुवर्षं झुंज दिली. बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याच्या पापानं तो नासत नाही, हा त्यांचा मुद्दा. 411 साली कार्थेजला दोन्ही बाजूंचे बिशप समोरासमोर आले आणि निकाल डोनाटसपंथीयांच्या विरोधात गेला. ऑगस्टीन यांच्या या उत्तरात मला साध्या भाविकाविषयीची मोठी माया दिसते. नाहीतर मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाणाऱ्या प्रत्येकानं आधी फादरांचं मन तपासायचं की काय?

पापानं संस्कार बिघडत नाही, पण शब्द बदलले की बिघडतो. ऑगस्ट 2020 मध्ये व्हॅटिकननं जाहीर केलं की ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ऐवजी ‘आम्ही’ म्हटलं असेल तर तो बाप्तिस्मा झालेलाच नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे तरुण धर्मगुरू मॅथ्यू हूड यांच्याकडे लहानपणच्या सोहळ्याचा व्हिडिओ होता आणि त्यात बाप्तिस्मा देणारे डिकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचे दीक्षित, नेमकं ‘आम्ही’ म्हणत होते. म्हणजे हूड यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून त्यांची गुरुदीक्षाही झालेली नव्हती, म्हणून त्यांनी केलेले मिस्सा आणि ऐकलेली पापनिवेदनंही ग्राह्य नव्हती. त्याच महिन्यात बाप्तिस्म्यापासून सुरुवात करून त्यांना पुन्हा दीक्षा देण्यात आली. त्यांनी दिलेले बाप्तिस्मे मात्र टिकले, कारण बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं! बाहेरून पाहणाऱ्याला हा काथ्याकूट वाटेल. पण इथला ‘मी’ त्या डिकनचा नाही, त्याच्या तोंडून ख्रिस्त बोलतो अशी श्रद्धा आहे. ‘आम्ही’ म्हटलं की तो जमलेल्या माणसांचा समारंभ होतो. डिकनचं पाप हे त्याचं स्वतःचं असतं, पण ते शब्द त्याच्या मालकीचे नसतात.

लग्नाच्या बाबतीत तर फादर आणखी मागे सरतात. रोमन परंपरेत वधूवर एकमेकांना विवाहसंस्कार देतात आणि समोर उभा असलेला धर्मगुरू किंवा डिकन चर्चच्या वतीनं त्यांची संमती ऐकून घेतो. म्हणूनच चर्चच्या न्यायालयात घटस्फोट मिळत नाही. तिथं मुख्यतः तपासलं जातं ते हे, की त्या दिवशीची संमती खरी होती का, तिच्यात जबरदस्ती किंवा फसवणूक होती का. संमतीच नव्हती असं ठरलं, तर लग्न मुळात झालंच नव्हतं असा निर्णय होतो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ही प्रक्रिया बरीच सुटसुटीत केली. पौर्वात्य कॅथलिक परंपरेत मात्र धर्मगुरूचा आशीर्वाद विवाहाला अत्यावश्यक असतो. ती परंपरा पाहायला केरळला जायला नको. तिच्यातल्याच सिरो-मलबार चर्चचा कल्याण धर्मप्रांत 1988 साली आपल्या महाराष्ट्रातच स्थापन झाला.

दीक्षेच्या पायऱ्या तीनच आहेत: डिकन, धर्मगुरू, बिशप. डिकन बाप्तिस्मा देतो, प्रवचन करतो, लग्न लावतो. पण मिस्सा अर्पण करणं, पापांची क्षमा देणं आणि आजाऱ्याला तेललेपन करणं हे धर्मगुरूचं काम. धर्मगुरूला दीक्षा देण्याचा अधिकार फक्त बिशपचा. कार्डिनल हा मान आहे, चौथी पायरी नव्हे, आणि पोप म्हणजे रोमचे बिशप. सिस्टर व्रतस्थ असतात, पण त्यांना ही दीक्षा नसते. 1998 साली मुंबईपासून वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांतात काय किंवा जगात कुठेही काय, पवित्र सप्ताहाच्या सुमारास बिशप आपल्या धर्मगुरूंसह तेलं आशीर्वादित करतात आणि ती गावोगावच्या चर्चमध्ये जातात. वर्षभर बाळांना आणि आजाऱ्यांना लावलं जाणारं तेल ते हेच.

आता दुखऱ्या जागेकडे यायला हवं. जगभर धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार उघडकीस आले आहेत. संस्कार देणाऱ्याच्या पापानं बिघडत नाही, या शिकवणीची ढाल करून कुणी अपराध्याला पाठीशी घालत असेल, तर तो ऑगस्टीनचा शब्द उलटा फिरवतो. ती शिकवण संस्कार घेणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे, देणाऱ्याच्या नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी 2019 साली धर्मगुरू आणि व्रतस्थांवर अशा तक्रारी चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवण्याचं कायदेशीर बंधन घातलं, आणि दोषी धर्मगुरूला पदावरून काढून सामान्य प्रापंचिकाच्या स्थितीत आणता येतं. त्याला मग मिस्सा करता येत नाही, पापनिवेदन ऐकता येत नाही. अपवाद एकच. कुणी मरणाच्या दारात असेल आणि क्षमा मागत असेल, तर काढून टाकलेल्या धर्मगुरूनं दिलेली क्षमाही चर्चचा कायदा पूर्ण ग्राह्य धरतो, कारण कायद्याला तिथं त्या मरणाऱ्या माणसाची काळजी आहे.