कपॅसिटर वाढवून हम जात नाही

घरी बांधलेला ॲम्प्लिफायर सुरू केला आणि गाणं लावायच्या आधीच स्पीकर घूंऽऽ करू लागला, की पुण्याच्या तपकीर गल्लीपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत एकच सल्ला मिळतो: फिल्टरचा कपॅसिटर वाढवा. 4700 मायक्रोफॅरडच्या जागी 10,000 चा लावा, तरी नाही गेला तर आणखी एक जोडा. मुलं पैसे घालतात, कपॅसिटर डब्यात मावेनासे होतात आणि हम तिथेच राहतो. कधी कधी वाढतोही. तरी सल्ला बदलत नाही, याची चीड येते.

साधा हिशेब करून पाहा. आपली वीज 50 हर्ट्झची, ब्रिज रेक्टिफायरनंतर रिपल 100 हर्ट्झचा. एक अँपिअर भार असेल, तर 4700 मायक्रोफॅरडवर रिपल दोन व्होल्टच्या आसपास राहतो, 10,000 वर एक व्होल्ट. पण तो थेट स्पीकरवर जात नाही. उदाहरणार्थ, टीडीए2030 या ॲम्प्लिफायर आयसीच्या डेटाशीटप्रमाणे ती पुरवठ्यातला रिपल साधारण 50 डेसिबलने, म्हणजे सुमारे 300 पटींनी दाबते. दोन व्होल्टचे उरले सहा-सात मिलीव्होल्ट. कपॅसिटर दुप्पट केल्याने एवढ्याचेच निम्मे होणार.

मग मोठा हम येतो कुठून? बहुतेक वेळा ग्राउंडच्या वायरिंगमधून. कपॅसिटर सतत चार्ज होत नाही. व्होल्टेज शिखराजवळ आलं की तेवढ्यापुरताच करंट खेचतो. सरासरी एक अँपिअर असला तरी त्या क्षणी पाच अँपिअर सहज जातात, आणि कपॅसिटर जितका मोठा तितके हे झटके अरुंद आणि उंच. अर्धा चौरस मिलीमीटरच्या दहा सेंटिमीटर तांब्याच्या वायरला साधारण साडेतीन मिलिओहम रोध असतो. पाच अँपिअर त्यातून गेले, की सतरा मिलीव्होल्ट तयार. इनपुटचं ग्राउंड याच वायरवर कुठेतरी जोडलं असेल, तर हे सतरा मिलीव्होल्ट सिग्नल समजून तीस पटींनी वाढवले जातात. स्पीकरवर अर्धा व्होल्ट! सहा मिलीव्होल्टच्या मागे लागून आपण हा अर्धा व्होल्ट तसाच ठेवतो.

ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कपॅसिटर यांचं वेटोळं आखूड आणि वेगळं ठेवा. कपॅसिटरच्या ग्राउंड टोकापासून एक वायर काढून एका बिंदूवर आणा. स्पीकरची परतीची वायर आणि इनपुटचं ग्राउंड तिथे आपापल्या स्वतंत्र वायरीने पोहोचू द्या. एकातून दुसऱ्याला जोडत जाऊ नका. इनपुटला शील्डेड वायर वापरा आणि ट्रान्सफॉर्मर तिच्यापासून दूर बसवा.

त्याआधी एक चाचणी कराच. बाहेरची केबल काढून इनपुट सॉकेटची मधली पिन आणि बाहेरची कडी एकमेकांना जोडा. हम तरीही राहिला तर दोष डब्याच्या आत आहे, गेला तर केबल किंवा स्रोताकडे बघा. हम खोल आणि गोल असेल तर तो बहुधा 50 हर्ट्झचा, बाहेरून शिरलेला. करकरीत असेल तर 100 हर्ट्झ आणि त्याच्या पटीतला, पुरवठ्याकडून आलेला. पेटीवर बसणाऱ्यांना ओळख सोपी: 100 हर्ट्झ हा खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर बसतो.

लॅपटॉपचा चार्जर काढला की हम जातो, हे अनेकांनी पाहिलेलं असतं. चार्जर आणि ॲम्प्लिफायर या दोघांच्या अर्थिंगमधून ग्राउंडचं एक वेटोळं पूर्ण होतं. आणि इथेच सगळ्यात वाईट सल्ला मिळतो: ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन काढून टाका. कृपा करून हे करू नका. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन निकामी झालं तर 230 व्होल्ट धातूच्या डब्यावर येतात, फ्यूज उडत नाही आणि हात लावणाऱ्याच्या जिवावर बेततं. ऑडिओ केबलमध्ये लहान आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला की हे वेटोळं सुरक्षितपणे तुटतं.

सोन्याचा मुलामा दिलेले प्लग गंजत नाहीत एवढंच. हम त्यांना ऐकत नाही. आयसी बदलूनही वायरिंग सुधारत नाही.

राहिली हिस्स, म्हणजे बारीक सूंऽऽ. तीही कपॅसिटरने जात नाही, कारण रोधातल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेमुळे होणाऱ्या हालचालीतूनच ती निर्माण होते. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी 1928 मध्ये हे दाखवून दिलं. 20 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात 100 किलोओहमचा गोंगाट सुमारे सहा मायक्रोव्होल्ट, 10 किलोओहमचा दोनच्या आत. स्रोताला झेपत असेल तर व्हॉल्यूमचा पॉट 10 किलोओहमचा लावा.